मान वाकवणे म्हणजे मान देणे नव्हे

"आजकालचे पोट्टे आयकतच नाईत!" बार्शीटाकळीच्या कोणत्याही वस्तीत संध्याकाळी चार बाया ओट्यावर बसल्या की हे वाक्य कानी पडल्याशिवाय राहत नाही. कापूस वेचून किंवा सोयाबीन सोंगून थकून आलेली माय घरात पाऊल टाकते, तर पोरगा मोबाईलमध्ये डोके घालून बसलेला असतो. आजी पाणी मागते, त्याला ते ऐकू जात नाही. मग मायचा हात उठतो, पाठीत धपाटा बसतो, पोरगा पाण्याचा गिलास आणून आदळतो आणि घराला वाटते की शिस्त लागली. आजीला पाणी मिळाले हे खरे, पण तिला मान मिळाला काय? या प्रश्नाचा विचार आपण बौद्ध कुटुंबांनी तरी शांत डोक्याने केला पाहिजे.

जोहार आणि जय भीम

'मान' या शब्दाचा अर्थ आपल्या समाजाला फार किंमत मोजून कळलेला आहे. आपल्या पणजोबांनाही मान देणे शिकवले जातच होते. गावचा मोठा माणूस दिसला की कमरेत वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचे, त्याच्या बरोबरीने बसायचे नाही, उलट प्रश्न करायचा नाही. लहान लेकराला हे घरातच शिकवावे लागे, कारण लेकराच्या चुकीची शिक्षा सगळ्या घराला भोगावी लागे. बापाची वाकलेली मान पोरगा पाहायचा आणि तोही वाकायला शिकायचा. एका पिढीची गुलामी दुसऱ्या पिढीच्या गळ्यात अशी संस्काराच्या नावाने पडत होती. त्या वाकण्यात आदर नव्हता, निव्वळ भीती होती.

ती मान परमपूज्य बाबासाहेबांच्या चळवळीने सरळ केली. जोहार गेला आणि जय भीम आला. ही अभिवादनाची रीत रूढ करण्याचे श्रेय आपल्याच विदर्भातील कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. या दोन अभिवादनांतला फरक आपण कधी नीट पाहिला आहे काय? जोहार खालून वर जात असे, वरून जोहार परत येत नसे. जय भीमला मात्र जय भीमनेच उत्तर मिळते. सहा वर्षांची नात आबाजींना जय भीम म्हणते, तेव्हा आबाजीही तिला जय भीमच म्हणतात. लहानमोठ्या दोघांनाही सारखा मान देणारा शब्द आपल्या घरात आहे. मग घरातली शिस्त तेवढी जोहाराच्या काळातली का असावी?

सुभेदारांच्या घरची शिस्त

शिस्तच नको, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. लेकराला मोकाट सोडणे म्हणजे प्रेम नव्हे. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार लष्कराच्या शाळेत शिक्षक होते आणि घरात अतिशय कडक होते. मुंबईत परळच्या चाळीतल्या एका खोलीत सारे कुटुंब राहत असताना ते भीमाला लवकर झोपवत, स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग त्याला अभ्यासाला उठवून आपण झोपत. पुस्तकांसाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन उसने मागत, वेळेला त्यांचा दागिना गहाण ठेवत. या शिस्तीत पोराच्या झोपेआधी बापाची झोप खर्च होत होती. म्हणून ती भिनली.

याच घरातली आणखी एक हकीगत प्रत्येक आईबापाने ध्यानात ठेवावी अशी आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी ती स्वतः सांगितली आहे. सुभेदार मुलांना रामायण-महाभारत वाचायला लावत. ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हेटाळणी आहे, ते आम्ही का वाचावेत, असे भीमाने विचारले. वडिलांना ते आवडले नाही. तुम्ही मुले आहात, सांगितले तेवढे करा, अशा अर्थाचे ते बोलले. पण काही दिवसांनी भीमाने तोच प्रश्न पुन्हा केला, तेव्हा वडील उत्तराची तयारी करून बसले होते. आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड येईल, लहान कुळातली माणसे किती उंच गेली हे त्यातून कळावे, असे त्यांनी समजावले. भीमाचे तेवढ्याने समाधान झाले नाही आणि त्याने ते सांगितलेही. वडील गप्प राहिले. मुलगा बंड करतो आहे हे त्यांनी ओळखले होते.

बंधू-भगिनींनो, त्या गप्प राहण्याची किंमत केवढी आहे! त्याच सुमारास गुरुवर्य केळुस्करांनी दिलेले बुद्धचरित्र भीमाच्या हाती पडले. घरात प्रश्न विचारण्याची मुभा मिळालेल्या या मुलाला बुद्धाची वाट सापडली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला तो लाखोंना त्या वाटेवर घेऊन गेला. वडिलांचा मान मात्र त्याने जन्मभर राखला. प्रश्न विचारणारे पोर उद्धट असते, हा समज याच उदाहरणाने खोटा ठरतो.

तथागतांनी राहुलाला कसे शिकवले

तथागत हेही एका मुलाचे पिता होते. कोवळ्या वयात संघात आलेल्या राहुलाला खोटे बोलण्याविषयी त्यांनी दिलेला उपदेश मज्झिम निकायात आहे. पाय धुऊन भांड्यात थोडे पाणी उरले होते. खोटे बोलायची लाज नसणाऱ्याचे श्रमणपण एवढेसेच असते, असे त्यांनी ते पाणी दाखवून सांगितले. मग पाणी ओतून दिले आणि भांडे पालथे केले. पुढे त्यांनी विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, राहुल म्हणाला. तसेच आपले प्रत्येक कर्म करण्याआधी, करताना आणि केल्यावर पाहावे. त्याने मला किंवा दुसऱ्याला दुःख होते काय, हे विचारावे. चूक झालीच असेल तर जाणत्यापुढे सांगावी आणि पुन्हा करू नये. सम्राट अशोकाने राजस्थानातील बैराटच्या लेखात भिक्षू आणि उपासक-उपासिकांनी ऐकावेत म्हणून जे धम्मोपदेश नावानिशी सांगितले, त्यांत हा राहुलाचा उपदेश आहे.

आता आपल्या घरात पाहा. पोराने दहा रुपये घेतले. कोणी घेतले, असे हातात काडी घेऊन विचारले, तर तो खरे कशाला सांगेल? मार चुकवायला तो खोटे बोलेल. म्हणजे चौथे शील मोडायला आपणच त्याला शिकवले. काडीला भिणारे पोर काडी नसेल तिथे बेफिकीर होते. आरसा ज्याच्या मनात बसला, तो एकटा असतानाही नीट वागतो.

"आम्हीही मार खाऊनच मोठे झालो," असे पुष्कळ जण म्हणतात. ते मोठे झाले ते मायबापांच्या कष्टाने आणि स्वतःच्या जिद्दीने. मारामुळे शाळा सोडून पळालेले मात्र हे सांगायला येत नाहीत. कायद्यानेही याचा निकाल लावला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेत मुलांना मारहाण करण्यास आणि मानसिक त्रास देण्यास बंदी घातली. स्वीडनने तर १९७९ सालीच घरातल्या मारालाही बंदी केली. गुरुजींना जे मना आहे, ते आपण घरात का करावे?

मुलींची गोष्ट आणखी निराळी. पोरगा उलट बोलला तर "बोलका आहे", पोरगी बोलली तर "वळण नाही"! २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयाबहिणींना सांगितले होते की मुलांना शिकवा, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा, त्यांचा न्यूनगंड घालवा आणि लग्नाची घाई करू नका. उठता-बसता दटावलेल्या मुलीत महत्त्वाकांक्षा कोठून येणार?

मोठ्यांचीही कर्तव्ये

सिगाल नावाचा तरुण ओल्या वस्त्रांनी रोज सहा दिशांना नमस्कार करीत असे. का, तर वडिलांनी मरताना सांगितले म्हणून. अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तथागतांनी वडिलांच्या शब्दाची थट्टा केली नाही, त्या शब्दाला अर्थ दिला. पूर्व दिशा म्हणजे आईवडील. मुलांनी त्यांना सांभाळावे, त्यांची कामे करावीत. आणि आईवडिलांनी मुलांना वाईटापासून आवरावे, चांगल्याकडे वळवावे, विद्या द्यावी. दोन्हीकडे कर्तव्ये पाच-पाच! एकाच बाजूने चालणारा आदर तथागतांनी सांगितलाच नाही.

म्हणून आमचे सांगणे साधे आहे. घरात जेवताना मोबाईल नको असा नियम असेल, तर तो बापालाही असावा. पोरगा चुकला तर राग उतरल्यावर त्याला जवळ बसवून विचारावे आणि नुकसान त्याच्याच हाताने भरून घ्यावे. बापाने दारू पिऊन घरी यायचे आणि पोराला पंचशील पाठ करायला लावायचे, हे चालणार नाही. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होते, तेव्हा लेकरांना मागे न बसवता एक पान त्यांच्याकडून वाचून घ्यावे आणि त्यांचे प्रश्न ऐकावेत.

आणि पोरांनो, तुम्हालाही सांगणे आहे. आजीच्या पाया पडलात म्हणजे मान दिला असे नव्हे. आबाजींचे श्रावणबाळ योजनेचे कागद घेऊन त्यांच्याबरोबर तहसीलला जा, हयातीचा दाखला राहिला असेल तर करून आणा. रात्री दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसून विचारा की तुम्ही शाळेत कोठे बसत होतात, पाणी कोठून पीत होतात, पहिला जय भीम कोणाला म्हणालात. ज्याने आपल्या म्हाताऱ्यांची लढाई ऐकली, त्याला त्यांचा मान ठेवायला कोणाच्या काडीची गरज उरत नाही.