कातरणाचा पुन्हा पत्रा होतो तेव्हा

मोटारीच्या दाराचा पत्रा प्रेसमध्ये कापला, की खिडकीच्या जागेचा तुकडा उरतोच. तो भंगारात विकायचा, की त्याचा पुन्हा पत्रा करायचा?

फोर्डने २०१५ च्या एफ-१५० पिकअपची बॉडी ॲल्युमिनियमची केली आणि दुसरा मार्ग धरला. अमेरिकेतल्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात कातरणाचे बारीक तुकडे होतात, हवेच्या जोरावर नळ्यांमधून जातात आणि मिश्रधातूंनुसार वेगळे होतात. ही वर्गवारीच सगळ्यात मोलाची! मिश्रधातूंची सरमिसळ झाली, तर बॉडीच्या दर्जाचा पत्रा पुन्हा मिळणं कठीण.

तिथून माल वितळवायला नोव्हेलिसकडे जातो. ही कंपनी २००७ पासून मुंबईच्या हिंदाल्कोच्या मालकीची आहे.

खनिजापासून नवं ॲल्युमिनियम बनवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या साधारण ५ टक्क्यांतच जुनं वितळवून वापरता येतं.