हृदयावरील वण

मध्यरात्रीं घरांतील वडील माणसाच्या छातींत कळ आली, तर आपल्या नांदेड-लातूरकडे पुष्कळदां 'वात असेल' म्हणून ओवा देण्यांत येतो आणि उजाडण्याची वाट पाहिली जाते. तेवढ्या वेळांत हृदयांत काय घडतें?

रक्तवाहिनींत गुठळी अडकली, कीं अर्ध्या तासाच्या आंतच स्नायूच्या पेशी मरूं लागतात. पुढें सहा ते आठ आठवड्यांत त्यांच्या जागीं घट्ट वण तयार होतो. तो हृदयाची भिंत सांवरतो खरा, परंतु स्नायूप्रमाणें आकुंचन पावत नाहीं.

झेब्राफिश या बोटाएवढ्या माशाची गोष्ट निराळी. त्याच्या जवनिकेचा सुमारें २० टक्के भाग कापला तरी दोन महिन्यांत ती पूर्ववत् होते, असें अमेरिकेंत २००२ सालीं आढळलें. उंदराच्या एक दिवसाच्या पिलांतहि ही शक्ति असते. सातव्या दिवशीं ती लोपलेली असते, हें २०११ सालीं दिसून आलें. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं २०२१ सालीं दाखविलें, कीं जखमेनंतर वाढणारें 'सीसीएन-२ए' नांवाचें प्रथिन माशाच्या हृदयास पुन्हां घडण्यास साह्य करितें.

मनुष्यास ही विद्या साधेल तेव्हां साधो. आज मेलेला स्नायु परत मिळत नाहीं. मरूं घातलेला मात्र पहिल्या कांहीं तासांत वांचवितां येतो. म्हणून छातींत दडपण येऊन घाम सुटला, कळ हातांत वा जबड्यांत उतरली, तर 'रात्रीं कशाला धांवाधांव?' हें आजोबांचें म्हणणें ऐकूं नये. त्यांना तत्काळ रुग्णालयांत न्यावें.