गिरणगावाचं साहित्य दाखवायचं कसं?

(लेखमाला : शहराचं दप्तर – भाग ७)

मागच्या भागात आपण निर्णयसागर छापखान्यात होतो. जावजी दादाजींनी तो 1869 साली काढला. राणोजी रावजी आरूंनी त्याच्यासाठी देवनागरी अक्षरं कोरली. साहजिकच पुढचा प्रश्न येतो : मुंबईच्या साहित्याचा हा सगळा इतिहास बघायला कुठे जायचं?

एका छपराखाली, कुठेच नाही. पुस्तकं मात्र आहेत, आणि भरपूर आहेत. 1898 साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादर पूर्वेला नायगावात आहे. तिथल्या रस्त्यालाही त्याचंच नाव आहे. गिरगावात साहित्य संघ 1935 पासून आहे. पण ग्रंथालयात जाणाऱ्याला काय मागायचं ते आधी ठाऊक असावं लागतं. शाळेतल्या पोराला ते कसं असणार? त्याला कवितेची खाडाखोड केलेली वही दाखवावी लागते, प्रूफं दाखवावी लागतात, संपादकाचं चिडकं पत्रही. डब्लिनने 2019 मध्ये असं साहित्य संग्रहालय उघडलं. ‘युलिसिस’ची पहिल्या क्रमांकाची प्रत तिथे काचेआड आहे. आपल्याकडे मालगुंडला केशवसुतांचं जन्मघर स्मारक म्हणून जपलंय. कोकणातल्या एका खेड्याला जमलं, ते मुंबईला जमू नये?

गिरगावापुरतं काम तसं सोपं आहे. तिथे छापखाने होते, प्रकाशक होते, म्हणजे कागद मागे राहिला. खरी अडचण परळ-लालबागच्या गिरणगावाची. गिरणी कामगारांच्या खोल्यांत माणसं पाळीपाळीने झोपायची. लेखकाचं टेबल म्हणून काय मांडणार? नारायण सुर्वे एका गिरणी कामगाराला रस्त्यावर सापडलेलं मूल. महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 चं. शाहिरांचं तर बरंचसं काम हवेतच झालं, गिरणीच्या गेटवर आणि मैदानात. कामगार रंगभूमीची नाटकं परळच्या दामोदर नाट्यगृहात व्हायची. तेही 2023 मध्ये पुनर्विकासासाठी बंद झालं. 1982 च्या गिरणी संपानंतरच्या कामगारांच्या घरांची कथा जयंत पवारांनी ‘अधांतर’ नाटकात मांडली, म्हणून निदान ती छापील स्वरूपात हाती आहे.

म्हणून लेखकांचे चष्मे आणि पेनं मांडून हे संग्रहालय उभं राहणार नाही. त्यात आवाज हवा, हँडबिलं हवीत, प्रॉम्प्टरच्या खुणांनी भरलेल्या नाटकाच्या वह्या हव्यात. काळाचौकीच्या बंद गिरणीत वस्त्रोद्योग संग्रहालयाची महापालिकेची योजना आहेच. माझ्या मते त्यातलं एक दालन या साहित्याला द्यावं. मागाशेजारी मागावरच्या माणसाची कविता शोभेलच.

तोवर एक विनंती. तुमची चाळ पुनर्विकासाला जात असेल तर माळ्यावरची ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी उघडून बघा. आजोबांची नाटकाची वही, मंडळाची स्मरणिका, गाण्यांची चोपडी असं काही निघालं, तर आधी नायगावच्या ग्रंथसंग्रहालयात विचारा.