पाण्यातली पौळ

रात्री पावणेदोनला सांगलीहून फोन आला की माणूस आधी घाबरतो. त्यात ताईचे वय झालेले. साताऱ्यात अंधारात चाचपडत फोन उचलला, तर पलीकडे भाचा. "मामा, डोंगर कोसळला." दिवस पावसाळ्याचे, त्यामुळे माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेले. मग कळले, की कोसळला तो दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीतला डोंगर. दोन मासे दगडांखाली चिरडले होते आणि पुढच्या काचेवर वीतभर ओरखडा उठला होता. काच फुटली असती तर अडीचशे लिटर खारे पाणी रात्रीतून घरभर झाले असते. सांगलीच्या माणसाला घरात पाणी शिरण्याची थट्टा करवत नाही. २००५ आणि २०१९ चे पूर पाहिलेल्या ताईला तर नाहीच.

समुद्रापासून इतक्या लांब घरात समुद्र करायचा हा भाच्याचा नाद. मुंबईला बदली असताना मी मुलांना तारापोरवाला मत्स्यालयात नेत असे. १९५१ साली उघडलेल्या त्या मत्स्यालयापलीकडे खाऱ्या पाण्यातल्या माशांशी माझा संबंध ताटातलाच. भाचा मात्र लिटरला पस्तीस ग्रॅम या हिशेबाने खास मीठ कालवतो, पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर ठेवतो आणि त्यात विदूषक मासे पाळतो.

दुसऱ्या दिवशी सांगलीला जाऊन पाहिले. डोंगर रचला होता कृष्णेच्या पात्रातल्या गोट्यांचा. काळे, गुळगुळीत, गोल. तेही वाळू पसरून तिच्यावर मांडलेले. टाकीत एक बिळे करणारी कोळंबी होती. तिने आपल्या स्वभावाप्रमाणे खालची वाळू उकरली आणि वरचा भार घसरला. चूक कोळंबीची नव्हती.

"मामा, खरं तर इथे जिवंत खडक हवा," भाचा म्हणाला. जिवंत खडक म्हणजे प्रवाळांच्या मेलेल्या सांगाड्यांचा सच्छिद्र दगड. त्याच्या पृष्ठभागावर राहणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातून होणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. आत खोल, जिथे प्राणवायू पोहोचत नाही तिथे, दुसरे जिवाणू त्या नायट्रेटचा निरुपद्रवी वायू करून सोडतात. थोडक्यात, हा दगड म्हणजे टाकीची नगरपालिका, आणि बरीच कार्यक्षम.

असा खडक किनाऱ्यावरून आणून देणारा एक माणूस भाच्याला भेटलाही होता. मी विचारले, पावती देतो का? भाचा गप्प. बँकेत उभा जन्म गेल्यामुळे कागद मागायची खोड जात नाही. पण इथे ती उपयोगी पडली. आपल्याकडे खडक बांधणाऱ्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात जागा आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मालवणचा समुद्र तर १९८७ पासून अभयारण्य आहे. प्रवाळाचा मेलेला तुकडा उचलून विकणे हाही गुन्हाच. भाचा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. चाळीस हजारांचा नाद मामाने कागदावर अडवला, असे त्याचे म्हणणे. तिसऱ्या दिवशी मात्र त्याने त्या माणसाला नको म्हणून कळवले.

मग आम्ही खडक घरीच केला. पांढरे सिमेंट, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तो शिंपल्यांचा चुरा आणि खडे मीठ. मीठ अशासाठी, की ते पुढे पाण्यात विरघळते आणि दगडात पोकळ्या राहतात. ताईच्या परसात ओल्या वाळूत हाताने खड्डे करून हे मिश्रण ओतले. "लोणच्याच्या दिवसांत माझं मीठ संपवलंत," असे ती महिनाभर ऐकवत होती. तयार दगड दीड महिना गोड्या पाण्यात बुडवून ठेवले, पाणी सतत बदलले. सिमेंटातला चुना पुरता निघाला नाही तर मासा जगत नाही.

आता प्रश्न रचण्याचा, आणि इथे मी पुढे सरसावलो. भाच्याला साताऱ्याकडे आणले. लिंब गावची बारा मोटेची विहीर दाखवली. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, घडीव दगडाची. मग आमच्या शेतावर नेऊन वडिलांनी रचलेली कोरडी पौळ दाखवली. तिच्यात चुना नाही की माती नाही. प्रत्येक दगडाला बैठक हवी, तो निदान तीन ठिकाणी टेकला पाहिजे, सांधा सांध्यावर येता कामा नये, आणि डुगडुगला तर चीप मारायची. पन्नास वर्षांत ती पौळ ढळलेली नाही. मी ऐटीत सांगत होतो.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मामा, ही पौळ वजनावर उभी आहे. पाण्यात वजनच राहत नाही."

हे मला सुचले नव्हते. आर्किमिडीज शाळेत पाठ केला होता, पण तो परीक्षेपुरता. आमच्या सच्छिद्र दगडाचे निम्म्याच्या आसपास वजन पाणीच उचलून धरते. वजन घटले की दगड दगडाला धरून ठेवत नाही, आणि टाकीत तर पंपाचे झोत असतात, खेकडे-गोगलगायी चढत असतात. बैठक हवीच, पण नुसत्या बैठकीवर भागत नाही.

तेव्हा दोघांच्या विद्या एकत्र केल्या. तळाच्या काचेवर प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर थेट खालचे तीन मोठे दगड. वाळू सगळ्यात शेवटी, म्हणजे कोळंबीने कितीही उकरले तरी पाया हलणार नाही. वरच्या दगडांना भोके पाडून ॲक्रिलिकच्या कांड्या आरपार घातल्या. लोखंड खाऱ्या पाण्यात गंजते. स्टीलचाही भरवसा नाही. सांध्यात मत्स्यालयासाठीची दोन रंगांची लुकण कणकेसारखी मळून भरली. ती नुसती दगडाला नीट चिकटत नाही, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना घट्ट सुपर ग्लूचा थर. गंमत म्हणजे हा डिंक ओलाव्यानेच आवळतो, त्यामुळे पाण्याखालीही चालतो. माझी दोन बोटे सुमारे तासभर एकमेकांना चिकटून होती, ती ताईने गरम पाण्याने सोडवली.

मागच्या काचेपासून चार बोटे जागा सोडली आणि मध्ये एक कमान ठेवली, पाणी खेळावे म्हणून. भाच्याला कडेला अजून एक सुळका हवा होता. मी नको म्हटले, त्याने तरी बसवला. चांगला दिसतो, हे कबूल करतो.

डोंगर उभा राहून पाच आठवडे टाकी रिकामीच होती. भाचा एका मित्राच्या टाकीतली मूठभर वाळू घेऊन आला होता, जिवाणूंच्या विरजणासाठी. रोज संध्याकाळी परीक्षानळीत रंग पाहायचा आणि मला फोन करायचा: अमोनिया चढला, अमोनिया उतरला, नायट्राइट चढले. दोन्ही शून्यावर आल्यावरच पहिला मासा सोडला.

परवा सांगलीला गेलो होतो. पांढऱ्या दगडांवर जांभळ्या शेवाळाचे ठिपके दिसू लागले आहेत, नखाएवढे. कोळंबीने कमानीखालची वाळू जाळीपर्यंत उकरून ठेवली होती. ताईने खुर्ची टाकीसमोर ओढून घेतली होती आणि जपमाळ हातात तशीच राहिली होती. "बघ, हिचं पुन्हा सुरू झालं," ती म्हणाली. भाचा उठला, बाही वर सारली आणि पाण्यात हात घालून वरचा सुळका हलवून पाहिला.