धनुष्कोटीचें स्टेशन

आमच्या देवघरांत तांब्याची एक लहानशी डबी होती. तींत पांढरी वाळू. माझी आजी १९३८ सालीं रामेश्वरास गेली होती, तेव्हां तिनें ती धनुष्कोटीहून आणली होती. सेतूवर स्नान करावें, तेथील वाळू प्रयागास नेऊन त्रिवेणींत सोडावी आणि तिकडील गंगोदक आणून रामेश्वरास अभिषेक करावा, तेव्हां कोठें यात्रा पुरी होते, हा क्रम वाचकांस ठाऊक आहेच. आजीचें प्रयागास जाणें कांहीं घडलें नाहीं. डबी तशीच राहिली.

आजी सांगत असे कीं, गाडींत बसल्या बसल्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून समुद्रच दिसे. डावीकडे महोदधि, उजवीकडे रत्नाकर आणि मध्यें वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवरून जाणारे रूळ. लहानपणीं आम्हांस ही अतिशयोक्ति वाटे. पण नकाशा पाहिला म्हणजे तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें, असें दिसतें.

पूर्वीं रामेश्वराची वाट पायीं तुडवावी लागे. तंजावरच्या भोसले राजांनीं त्या वाटेवर जीं छत्रें बांधलीं, त्यांच्या आश्रयानें आपल्या प्रांतांतील कितीएक यात्रेकरू तरून गेले. लंकेस जाणारा उतारू मात्र तुतिकोरिनपर्यंत आगगाडीनें जाई व तेथें कोलंबोच्या आगबोटींत चढे. २४ फेब्रुवारी १९१४ रोजीं पांबनचा पूल सुरू झाला आणि सारें पालटलें. हा पूल दोन किलोमीटरांहून थोडा अधिक लांब. त्याचे गाळे १४५, आणि मधला गाळा दुभंगून वर उचलला जाई, म्हणजे गलबतांस वाट मिळे. पुढल्याच आठवड्यांत धनुष्कोटीच्या धक्क्यावरून लंकेंतील तलैमन्नारपर्यंत आगबोटी चालूं लागल्या. मद्रासेस एग्मोर स्टेशनावर एकच तिकीट काढावें, 'बोट मेल'नें धक्क्यापर्यंत जावें, सुमारें ३५ किलोमीटर समुद्र ओलांडावा व पलीकडे पुन्हां आगगाडींत बसून कोलंबो गांठावें, अशी ती सोय होती. पहिल्या तीन बोटींचीं नांवें कर्झन, एल्जिन आणि हार्डिंज! प्रभु रामचंद्रांच्या सेतूशेजारून तीन लाटसाहेब फेऱ्या घालीत होते, याची मौज वाटते. गाडींत लंकेच्या चहाच्या मळ्यांवर मजुरीस निघालेलीं गरीब तामीळ कुटुंबें असत, व्यापारी असत, आणि आजीसारखे यात्रेकरूहि असत. स्टेशनाभोंवतीं जकातीची कचेरी, टपालघर, शाळा, दवाखाना असें गांवच वसलें.

२२ डिसेंबर १९६४ च्या रात्रीं तें गांव बुडालें. मध्यरात्रीस पांच मिनिटें असतां पांबनहून धनुष्कोटीची पॅसेंजर सुटली. तींत सुमारें ११० उतारू व ५ रेल्वेसेवक होते. धनुष्कोटी जवळ आल्यावर सिग्नल दिसेना. ड्रायव्हर थांबला, त्यानें शिट्या दिल्या आणि अखेर गाडी पुढें घातली, असें सांगतात. घरीं बसून त्यास दोष देणें सोपें आहे. परंतु दोहों बाजूंस खवळलेला समुद्र आणि मागील रूळ शाबूत आहेत कीं नाहींत याची खातरी नाहीं, अशा वेळीं आपण काय केलें असतें, हें मला तरी सांगतां येत नाहीं. एक प्रचंड लाट आली व सारी गाडी गिळून गेली. कोणीहि वांचलें नाहीं. गांवांत व आसपास दगावलेल्यांची संख्या तर याहून कितीतरी मोठी.

पांबनचा मोडलेला पूल ई. श्रीधरन् यांच्या देखरेखीखालीं ४६ दिवसांत दुरुस्त झाला. परंतु धनुष्कोटी राहण्यास अयोग्य म्हणून सरकारनें जाहीर केली, आणि पांबनपासूनचा तो फांटा कायमचा सुटला. बोटी पुढें रामेश्वराहून जात. लंकेंतील यादवीच्या सुमारास त्याहि बंद झाल्या. फांटा पुन्हां घालण्याची कोनशिला १ मार्च २०१९ रोजीं बसली, पण पुढें काम उभें राहिलें नाहीं. पांबनचा नवा पूल मात्र ६ एप्रिल २०२५ रोजीं, रामनवमीच्या मुहूर्तावर, खुला झाला.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं ती डबी प्रथम प्रयागास नेली. वाळू त्रिवेणींत सोडली, गंगोदकाचा गडू घेतला आणि पत्नीसह रामेश्वरास गेलों. अभिषेक झाल्यावर धनुष्कोटीस गेलों. २०१७ पासून आरिचलमुनैपर्यंत चांगली सडक आहे. वाटेंत कोदंडरामस्वामींचें देऊळ लागतें; बिभीषण रामास शरण आला तें स्थान हें, अशी श्रद्धा आहे. ६४ सालच्या वादळांतहि तें टिकलें. स्टेशनाच्या मात्र दगडी भिंती तेवढ्या उभ्या आहेत. शिंपले विकणाऱ्या एका कोळिणीस फलाट कोठें होता म्हणून खुणेनें विचारलें. तिनें आपल्या पायांखालीं बोट दाखविलें.

पत्नीनें रिकामी डबी तेथील वाळूनें पुन्हां भरली. आतां तिला माझ्या सुनेस प्रयागास पाठवावयाचें आहे.