टेबलावरची लढाई आणि पलंगाखालचा खोका

मंडळी, मला कुठे बोलवायचं झालं तर कवितेवर बोलायला बोलावतात. आज मात्र मी लढाईबद्दल बोलणार आहे. घाबरू नका, लढाई टेबलावरची आहे. सैनिक अंगठ्याच्या एका पेराएवढे, डोंगर म्हणजे कापडाखाली सारलेली पुस्तकं, आणि दारूगोळ्याच्या जागी फासे. इंग्रजीत या खेळाला मिनिएचर वॉरगेम म्हणतात. तो नवख्या माणसाला कितपत जमण्यासारखा आहे, एवढंच मला सांगायचं आहे. आणि हे सांगणारा मी स्वतः नवखाच आहे.

2023 च्या उन्हाळ्यात मी महिनाभर इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला धाकट्या बहिणीकडे होतो. नॉटिंगहॅम म्हटलं की आपल्याला रॉबिनहूड आठवतो. तिथल्या पोरांना मात्र या छोट्या सैनिकांची मोठी कंपनी आठवते. ‘गेम्स वर्कशॉप’ तिचं नाव. 1975 साली लंडनमध्ये तीन मित्रांनी ती सुरू केली, तेव्हा ते लाकडी खेळपट बनवत होते. 1983 साली या कंपनीचा ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला आणि 1987 मध्ये त्याचा भविष्यकाळातला भाऊ ‘वॉरहॅमर फॉर्टी थाउजंड’. आज कंपनीचं मुख्यालय नॉटिंगहॅममध्येच आहे.

तर बहिणीच्या घरी माझा बिछाना भाच्याच्या खोलीत घातला होता. चौदा वर्षांचा मुलगा. बॅग सारायला पलंगाखाली वाकलो तर एक मोठा, चकचकीत खोका दिसला. वर धूळ. आत प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले हात, पाय, शिरस्त्राणं, बंदुका. दोनच सैनिक जोडलेले. त्यातल्या एकाच्या चेहऱ्यावर रंगाचा असा थर की त्या बिचाऱ्याला नाकच उरलं नव्हतं.

“मामू, ते राहू द्या,” भाचा म्हणाला. “ते मला नाही जमत.”

बहीण स्वयंपाकघरातून म्हणाली, “भाई, त्या खोक्यात पोराचे वर्षभराचे साठवलेले पैसे आहेत. विचारू नका काही.”

मी अर्थातच विचारलं. दुकानात त्याला सांगितलं होतं की आधी सैन्य घे, मग रंग घे, मग नियमांचं पुस्तक घे, आणि सैन्य पुरं झालं की खेळायला ये. सैन्य कधी पुरं झालंच नाही. एकेका खोक्याला तीस-चाळीस पौंड सहज पडतात. शिवाय या खेळाच्या नियमांची आवृत्ती 2017, 2020 आणि 2023 अशी दर तीन वर्षांनी बदलत आलेली. भाच्यानं घेतलेलं पुस्तक रंग वाळायच्या आधीच जुनं झालं होतं.

माझ्याकडे कविता दाखवायला येणारी काही मुलं आठवली. मुलगा जाडजूड डायरी घेतो, चांगलं पेन घेतो, मग कुणीतरी सांगतं की आधी वृत्तं शिक, मात्रा-गण शिक. डायरी कोरीच राहते. त्याचं म्हणणं असतं, ‘मला जमत नाही.’ अरे, तू अजून सुरुवातच कुठे केलीस?

खेळ मुळात आहे काय, ते सांगतो. बुद्धिबळात पटावर घरं असतात आणि मोहरा घरातून घरात जातो. इथे घरं नाहीत. टेबल हेच मैदान, आणि अंतर टेपनं मोजायचं. समजा, शिपाई एका डावात सहा इंच चालतो. त्याची बंदूक अमुक इंच पोचते. मध्ये भिंत आली तर नेम अवघड. नेम लागला की नाही ते फासा सांगतो. एवढंच. बाकी सगळा या मुळावरचा विस्तार आहे. ‘फॉर्टी थाउजंड’मध्ये गोळी झाडली की साधारण तीनदा फासा पडतो: लागली का, जखम झाली का, आणि चिलखतानं वाचवलं का. तीन प्रश्न कळले की गोळीबार कळला. जाड पुस्तक पाहून हे कुणाच्याही ध्यानात येत नाही.

आणि या खेळाच्या जन्मात रंगवलेले सैनिक नव्हतेच. 1824 साली प्रशियाच्या सैन्यातल्या रायस्वित्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं आपला ‘क्रीग्सश्पील’, म्हणजे युद्धखेळ, सादर केला. बापानं आरंभलेलं काम मुलानं पुढे नेलं होतं. त्यात नकाशा होता, लाल आणि निळे छोटे ठोकळे होते, फासे होते आणि निवाडा करणारा पंच होता. तेवढ्यावर प्रशियाचे अधिकारी लढाईचं शिक्षण घेत. खेळण्यातले सैनिक घेऊन तो बैठकीच्या खोलीत आणला तो एच. जी. वेल्स यांनी, ‘द टाइम मशीन’ लिहिणारे तेच. त्यांचं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक 1913 चं. पायदळ एक फूट चालणार, घोडदळ दोन फूट, आणि स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेनं लाकडी गोळी मारून जो शिपाई आडवा पडेल तो मेला! प्रौढ माणसं जमिनीवर पालथी पडून नेम धरत.

लढाईच्या खेळाबद्दल माझ्या मनात अढी होती, हे लपवत नाही. रोज रात्री दूरदर्शनवर खरी युद्धं दिसत असताना पोरानं हे खेळावं का, असं मी बहिणीला बोललोही. वेल्सनाही हा प्रश्न सुटला नव्हता. पुस्तकाच्या शेवटी त्यांनी लिहिलं आहे की ही चिमुकली लढाई खऱ्या लढाईपेक्षा कितीतरी बरी, आणि जो तीन-चार वेळा ही खेळेल त्याला खरं युद्ध किती बेढंगी आणि मूर्खपणाचं असतं ते कळेल. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. माझी अढी त्या पानानं पूर्ण गेली नाही, पण सैल झाली.

मग एका संध्याकाळी बहिणीनं आम्हा दोघांना एका चर्चच्या सभागृहात नेऊन सोडलं. तिथे आठवड्यातून एकदा असे खेळ चालतात. भाचा रिकाम्या हातानं आला होता, त्यामुळे दाराशीच घुटमळत होता. सत्तरीच्या पुढचे एक गृहस्थ एकटे बसले होते. त्यांनी आम्हाला खुणेनं बोलावलं आणि पिशवीतून बुटांचे दोन खोके काढले. एकात अलेक्झांडरचं सैन्य, दुसऱ्यात पोरसचं, हत्तींसकट. “मी नेहमी दोन्ही बाजू आणतो,” ते म्हणाले, “नवा माणूस सैन्य कुठून आणणार?”

त्यांनी हिरवं कापड पसरलं, खाली टेकड्या सारल्या, आणि मला एकदम दिवाळीतला किल्ला दिसला. लहानपणी शेजारच्या वाड्यातला किल्ला आम्ही सगळी पोरं मिळून करायचो. दगड-विटा, वर भिजवलेलं पोतं, त्यावर चिखल, चिखलात अळीव पेरायचं म्हणजे चार दिवसांत हिरवळ. मावळे मातीचे, आणि एकाचं माप दुसऱ्याला लागू नाही. पहारेकरी दरवाज्यापेक्षा उंच, विहिरीवरची बाई बुरुजाएवढी. आमचं काही अडलं नाही. मैदान होतं, माणसं होती. फासा आणि मोजपट्टी मात्र कुणाला सुचली नाही, म्हणून मावळे चार दिवस नुसते उभेच राहायचे.

त्या आजोबांच्या खेळाचं नाव ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’, म्हणजे प्राचीन युद्धांविषयी. फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली तो प्रसिद्ध केला. प्रत्येक बाजूला फक्त बारा तुकड्या, मैदान दोन फूट चौरस, आणि तासाभरात निकाल. आपली पाळी आली की आधी एक फासा टाकायचा. तीन पडले तर तीनच हुकूम. आता गंमत बघा. रांगेत एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या तुकड्या एका हुकमात चालतात. रांग मोडली की प्रत्येकीला वेगळा हुकूम लागतो, आणि हुकूम तर तीनच! जुन्या फौजा ओळ धरून का लढायच्या, हे मला बी. ए.च्या इतिहासानं सांगितलं नव्हतं. ते त्या फाशानं पाच मिनिटांत सांगितलं.

तुकड्या भिडल्या की दोघांनी एकेक फासा टाकायचा आणि त्यात आपल्या तुकडीचा जोर मिळवायचा. समजा माझ्या भालेवाल्यांचा जोर चार आणि समोरच्याचा तीन. मला तीन पडले, त्याला दोन. सात विरुद्ध पाच, तो मागे हटला. पण मला सहा पडले असते तर दहा विरुद्ध पाच. दुप्पट झाले की ती तुकडी संपली. तुकड्यांच्या प्रकारांप्रमाणे यात फरक पडतात, पण गाभा एवढाच. चार तुकड्या गेल्या, आणि समोरच्यापेक्षा जास्त गेल्या, की आपण हरलो. मी पाऊण तासात हरलो. भाचा अलेक्झांडर होता, त्यामुळे इतिहासाप्रमाणेच झालं म्हणायचं.

इथे एक सांगायला हवं. मूळ आवृत्तीतले नियम मोजक्या पानांचे असले तरी वाचायला सोपे नाहीत. बार्कर यांची वाक्यं इतकी आवळलेली की गाठ सोडवावी तसं एकेक सोडवावं लागतं. मी ती पुस्तिका घरी आणली आणि दोन रात्री डोकं फोडलं. जे आजोबांकडून पाऊण तासात कळलं होतं, ते कागदावरून मला कळलंच नसतं. तेव्हा ‘पुस्तक पातळ आहे, म्हणजे खेळ सोपा’ या हिशेबावर विसंबू नका. जाड पुस्तकालाही उगाच भिऊ नका. दोन्ही वेळा शेजारी बसून दाखवणारा माणूस लागतो, आणि या छंदात सगळ्यात दुर्मीळ वस्तू तीच आहे. रंग नाही, पैसा नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही न्याहारीच्या लाह्यांच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. चार सेंटिमीटर रुंद अशा चोवीस पट्ट्या. त्यांवर मी मराठीत अक्षरं काढली: भा म्हणजे भालेवाले, घो म्हणजे घोडेस्वार, ध म्हणजे धनुर्धारी. भाच्याला मराठी वाचता येत नाही, पण ही तीन अक्षरं त्याला आली. हत्तीचा ह मात्र तो शेवटपर्यंत उलटा लावायचा. खर्च शून्य. जेवणाच्या टेबलावर महिन्याभरात आम्ही एकोणीस लढाया खेळलो. पाच मी जिंकलो, असं मी म्हणतो. तो तीन म्हणतो.

दुसऱ्या आठवड्यात त्यानं आपणहून पलंगाखालचा खोका ओढला. त्या मोठ्या खेळाच्या 2023 च्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीनंच फुकट उपलब्ध केले होते, साठेक पानं. आम्ही त्यातला पाच-पाच सैनिकांपुरता भाग घेतला. बाकीचे नियम असू देत तिथेच. एका बाजूला तीन शिपाई आणि दोन बाटल्यांची झाकणं, दुसऱ्या बाजूला पाचही झाकणंच. कुणाला आवडत नसेल तर नसो. झाकणंही सहा इंच चालतात.

रंगाचंही आजोबांनीच सांगितलं. चेहऱ्यापासून सुरू करू नकोस. आधी सगळ्या अंगाला एक फवारा, मग कपड्यांचा, चामड्याचा आणि धातूचा असे तीनच रंग, पाणी घालून पातळ केलेले. ते वाळले की वरून पातळ काळपट रंगाचा एक हात. तो आपोआप घड्यांमध्ये उतरतो आणि सावल्या पडतात. डोळे काढूच नकोस, हातभर अंतरावरून कुणाला दिसतात? भाच्याचा तिसरा सैनिक असा झाला की बहिणीनं तो उचलून खिडकीत ठेवला. पहिल्याचं नाक काही परत आलं नाही, पण त्याला आम्ही सेनापती केलं.

महाग आहे का? पूर्ण सैन्य घ्यायचं तर आहेच, तिथेही आणि मागवून घेतलं तर इथे त्याहून जास्त. मोठ्या स्पर्धांत पुठ्ठ्याचे तुकडे बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, हेही खरं. आणि काही मंडळींना रंगवण्यातच सुख असतं, खेळण्यात नाही. पण यातलं काहीही पहिल्या दिवशी लागत नाही. वाणसामानातला पुठ्ठा, एक टेप, दोन फासे, आणि हरायला तयार असलेला एक मामू पुरतो.

मी परत आलो त्यानंतर महिन्याभरानं बहिणीचा फोन आला. त्या सभागृहात एक नवा मुलगा वडिलांबरोबर आला होता, खिशात हात घालून दाराशी उभा. भाच्यानं त्याला खुणेनं बोलावलं आणि पिशवीतून आपल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या काढल्या, दोन्ही बाजूंच्या. त्या पोरानं विचारलं, हे कुठल्या भाषेत लिहिलंय?

“आणि भाई,” बहीण म्हणाली, “परवा याला शाळेचे बूट घ्यायला गेलो, तर हा पायात घालून बघायच्या आधी दुकानदाराला विचारतो, खोका किती मोठा आहे?”