लोंबती त्वचा काढण्याआधी आणि नंतर

पन्नास-साठ किलो उतरले तरी पोटावरची सैल कातडी व्यायामाने आवळत नाही; घडीत घाम साचून पुरळ उठतं ते वेगळंच. ती काढून टाकण्याच्या ऑपरेशनची घाई मात्र नको. वजन साधारण ६ महिने स्थिर राहायला हवं. वजन कमी करण्याचं (बेरियाट्रिक) ऑपरेशन झालं असेल तर सहसा १२ ते १८ महिने थांबतात. हिमोग्लोबिन, प्रथिनं, बी-१२ आधी तपासून घ्या, कारण आहार तुटपुंजा असलेल्यांची जखम लवकर भरत नाही. सिगारेट आणि तंबाखू, मिसरीसुद्धा, किमान ४ आठवडे आधी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि टाक्यांची कड काळी पडू शकते.

ऑपरेशननंतर सुरुवातीचे दिवस कमरेत वाकूनच चालावं लागतं, पण चालायचंच. पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका त्याने कमी होतो. जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या ड्रेनच्या नळीत रोज किती पाणी जमलं ते वहीत लिहा, नळी कधी काढायची ते त्यावरच ठरतं. सुमारे ६ आठवडे पोटाला पट्टा. तोवर भरलेली कळशी उचलायची नाही, नातवंडही नाही. पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली तर थेट रुग्णालय गाठा.

विमा कंपन्या हे ऑपरेशन बहुधा ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नाकारतात. त्रास खरा आहे हे दाखवायला पुरळाच्या उपचाराचे कागद आणि फोटो जपून ठेवा.